पंचगंगेची पातळी आणि शाळेतले आठ संगणक: एका पावसाळ्याचा डिजिटल अभ्यास

सहावीच्या मुलाला मॉनिटर, माउस, कीबोर्ड यांच्या व्याख्या पाठ असतात, आणि आईच्या फोनवर रील बघायला त्याला कुणाची शिकवणी लागत नाही. या दोन्हींच्या मधली जागा मात्र रिकामी राहते. आकडा आला कुठून, तो नोंदवायचा कसा, आलेला मेसेज ताजा की शिळा, फाइल ठेवली कुठे, हे कुणी शिकवत नाही. ती जागा भरायला कोल्हापुरात एक आयता विषय दर पावसाळ्यात अगदी दारापर्यंत येतो: राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी इथल्या लहान मुलालाही माहीत असते. तिथूनच सुरुवात करायची.

सहावी ते आठवीसाठी, जून ते सप्टेंबर, आठवड्याला दोन तास एवढा वेळ पुरतो. इंटरनेट रोज दहा मिनिटं मिळालं तरी भागतं.

आधी खोली

सुट्टीनंतर संगणक खोली उघडली की काही मशीन चालू होतात आणि काही रुसून बसतात. कारण बहुतेक वेळा किरकोळ असतं आणि दुरुस्तीवाल्याची वाट बघावी लागत नाही.

बटण दाबल्यावर नुसतं बीप बीप वाजतं आणि पडदा काळाच राहतो, तेव्हा पहिला संशय रॅमवर, म्हणजे मदरबोर्डवर (आतल्या मुख्य बोर्डवर) खोचलेल्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीवर घ्यावा. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याच्या हवेत चार महिने बंद खोलीत पडलेल्या रॅमच्या सोनेरी पट्टीवर ओलाव्याचं पुट चढतं. प्लग भिंतीतून काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल, हात एकदा कॅबिनेटच्या पत्र्याला लावा, मग रॅम काढा. पांढऱ्या खोडरबरने पट्टी हलकी घासा, भुगा झटका आणि दोन्ही बाजूंनी खट् वाजेपर्यंत दाबून बसवा. एकाच बाजूने वाजली तर ती तिरकी बसली आहे.

दुसरा आजार फसवा आहे. संगणक चालू होतो, नेट आहे, पण प्रत्येक वेबसाइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते. नेटवाल्याला फोन लावण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ नंबरचा बटणासारखा सेल संपला की घड्याळ मागच्या कुठल्यातरी वर्षात जाऊन बसतं. वेबसाइटची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राला 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' अशी मुदत असते. संगणकाच्या लेखी आज २०१५ साल असेल तर ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही! सेल बदला, तारीख लावा, काम होतं. ही दुरुस्ती मुलांच्या समोर करा, कारण सुरक्षित वेबसाइट म्हणजे काय हे सांगायला यापेक्षा चांगला प्रयोग सापडणार नाही.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मात्र मुलांना बाहेर काढा आणि वायरमनला बोलवा. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामधला व्होल्टेज साधारण ३ व्होल्टच्या आत हवा. जुन्या इमारतीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडलेला असतो.

विंडोज १० चा आधार, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे आणि शाळांमधली बरीच जुनी मशीन विंडोज ११ घेत नाहीत. म्हणून ती भंगारात काढायची गरज नाही. ४ जीबी रॅम असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) बसवा आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. आधी ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून ती नुसती चालवून बघता येते; आवाज, वायफाय, प्रिंटर चालतो का याची खात्री झाल्यावरच आत उतरवा. सोबत लिब्रेऑफिस (लेखन आणि स्प्रेडशीटचं मोफत सॉफ्टवेअर) येतं आणि पुढचं सगळं काम त्यात होतं.

बत्तीस मुलं, आठ मशीन

एका मशीनवर चार जण बसवले की एक चालवतो, एक बघतो आणि दोघं एकमेकांना कोपर मारतात. त्यापेक्षा वर्ग दोन भागांत करा. सोळा मुलं जोडीने संगणकावर, उरलेली सोळा मोठ्या टेबलावर कागदी कामाला: नोंदवही, जिल्ह्याचा नकाशा, आलेख कागद. पस्तीस मिनिटांच्या तासात पाच मिनिटं बसण्या-उठण्यात जातात, राहिलेल्या तिसात पंधराव्या मिनिटाला अदलाबदल. जोडीत एकाचा हात माउसवर आणि दुसऱ्याने फक्त तोंडाने सांगायचं. दुसऱ्याने माउस हिसकावला की पाळी संपली. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे त्याला आधी सांगणारा करा, नाहीतर शेजारच्या मुलीला सप्टेंबरपर्यंत माउस मिळत नाही.

कागदी काम म्हणजे वेळकाढूपणा नव्हे. हाताने एकदा आलेख काढलेल्या मुलालाच संगणकाने काढलेला आलेख चुकल्याचं कळतं.

मराठी टायपिंग, पहिले तीन आठवडे

फोनवर मुलं इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितात. चालतं ते, पण शाळेत इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक शिकवावा. त्याची रचना आपल्या बाराखडीसारखी आहे: डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. क आणि ख एकाच कळीवर, शिफ्ट दाबली की ख. विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या वेळ आणि भाषा या भागात जाऊन मराठी भाषा जोडा. नंतर विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबला की भाषा बदलते.

पहिला शब्द 'कोल्हापूर' द्या. कळा नऊ: के, ए, एन, डी, यू, ई, एच, टी, जे. म्हणजे क, ओची मात्रा, ल, पाय मोडायचं चिन्ह, ह, काना, प, दीर्घ उकार, र. इथे मुलाला पहिल्यांदा दिसतं की 'ल्हा' हे एक अक्षर नसून चार तुकडे आहेत. बॅकस्पेस एकेकदा दाबायला सांगा; तुकडे उलट क्रमाने गळतात. युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) म्हणजे काय हे फळ्यावर समजावण्यापेक्षा हे बघणं पुरतं. देवनागरीला युनिकोडमध्ये १२८ जागांचा एक विभाग दिलेला आहे आणि 'क्ष'ला त्यात स्वतंत्र जागा नाही, तो क, पायमोड आणि ष मिळून होतो, एवढं सांगितलं की आठवीची मुलं स्वतःच 'ज्ञ' फोडायला बसतात.

सगळ्यात जास्त चूक होते ती 'दुसऱ्या', 'बंधाऱ्यावर' अशा शब्दांत. साधा र, पायमोड आणि य दाबला की य वर रफार चढतो आणि 'दुसर्या' उमटतं. इथे शिफ्टसह जे, मग डी, मग य ची कळ. आचार्यांना आणि आचाऱ्यांना ही जोडी टाइप करायला लावा. गुरुजींना जेवायला बोलवायचं की स्वयंपाकाला, हा फरक एका कळीवर आहे.

शाळेच्या कार्यालयातल्या जुन्या फाइली याच वेळी दाखवा. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची नोटीस फोनवर पाठवली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. ती फाइल बिघडलेली नसते. जुन्या फॉन्टमध्ये साठवलेलं अक्षर इंग्रजीच असायचं, फॉन्ट फक्त त्याला मराठीचं सोंग द्यायचा. सोंग उतरलं की आतलं दिसतं. अशा मजकुरात शोध घेता येत नाही आणि दृष्टिहीन मुलांसाठीचं वाचन सॉफ्टवेअर तो वाचू शकत नाही. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण नंतर पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं एकेक तपासावी लागतात. तिथेच ती घसरतात.

नदीची नोंदवही

आता खरं काम. स्प्रेडशीटमध्ये सात स्तंभ: तारीख, वेळ, फूट, इंच, एकूण फूट, गगनबावड्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये, आणि आकडा कुठून घेतला. आकडे जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या रोजच्या पत्रकातून किंवा स्थानिक वर्तमानपत्रातून घ्या. वेळेचा स्तंभ गाळू नका. सकाळी सातची पातळी आणि दुपारी दोनची पातळी वेगळी असते. दोन मुलं दोन आकडे घेऊन भांडतात आणि दोघंही बरोबर असतात.

फूट आणि इंच वेगळे का, हे मुलांनी आधी चुकून शिकावं. पहिल्या दिवशी एकच स्तंभ ठेवा आणि '३९ फूट ५ इंच' व '३९ फूट १० इंच' लिहायला सांगा. बहुतेक जण ३९.५ आणि ३९.१० लिहितील. संगणक दुसऱ्याचा ३९.१ करून टाकतो आणि आलेखात वाढलेलं पाणी चक्क उतरतं. खरे आकडे ३९.४२ आणि ३९.८३ आहेत, कारण फुटाचे इंच बारा, दहा नव्हेत. मग पाचव्या स्तंभात सूत्र: बरोबरचं चिन्ह, सी२, अधिक, डी२ भागिले १२. खाली ओढलं की सगळ्या ओळी भरतात. फक्त पुढच्या रिकाम्या दिवसांपर्यंत ओढू नका. तिथे शून्य येतं आणि आलेखात पंचगंगा एका रात्रीत कोरडी पडते. आकडा मिळाला नाही त्या दिवशीचा रकाना रिकामा ठेवा, शून्य लिहू नका.

तारखेने सगळ्यांना छळलेलं आहे. ०५/०७ हा आपल्याला पाच जुलै, पण संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल तर तो सात मे धरतो. बारा तारखेपर्यंत अशी उलटापालट गुपचूप होत राहते. तेराव्या दिवशी तेरावा महिना सापडत नाही म्हणून तो तारखेला नुसता मजकूर समजतो, आणि आलेख अर्धा जानेवारी ते डिसेंबर असा विखुरतो, अर्धा हवेत लटकतो. उपाय साधा: वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहा, २०२६-०७-०५ असं. फाइलचं नावही याच क्रमाने ठेवलं की फोल्डरमध्ये फाइली आपोआप रांगेत लागतात आणि 'नवीन फायनल खरं फायनल' अशी नावं द्यावी लागत नाहीत.

आकडा रकान्यात डावीकडे चिकटला तर संगणकाने त्याला मजकूर धरलं आहे, उजवीकडे गेला तर संख्या. एवढी एक खूण मुलांनी लक्षात ठेवली तरी निम्म्या चुका स्वतःच सापडतात. मराठी कळफलक चालू ठेवून आकडे टाइप केले की हा घोळ हमखास होतो. आकड्यांसाठी इंग्रजीवर या.

सातवी-आठवीला पुढची पायरी. आठवा स्तंभ: पातळी ४३ किंवा जास्त असेल तर 'धोका', नाहीतर ३९ किंवा जास्त असेल तर 'इशारा', नाहीतर 'ठीक'. म्हणजे 'इफ' या अटीच्या सूत्राच्या पोटात दुसरा 'इफ'. मुलं हमखास आधी ३९ तपासतात, आणि मग ४४ फुटांनाही 'इशारा' येतो, कारण पहिली अट खरी ठरली की संगणक पुढे बघत नाही. ही चूक होऊ द्या. दुसरी चूक तुमचीच असेल: सूत्र व्हॉट्सॲपवरून कॉपी केलं तर त्यातली अवतरणचिन्हं वळणदार झालेली असतात आणि सूत्र चालत नाही. ती हाताने पुन्हा टाइप करा.

एक बारकावा मुद्दाम दाखवण्यासारखा आहे. ४२ फूट ११ इंच म्हणजे ४२.९२. रकाना दशांशाशिवाय दाखवायला लावला तर पडद्यावर ४३ दिसतं आणि शेजारी 'इशारा' लिहिलेलं. मूल म्हणतं, संगणक चुकला. तो चुकलेला नाही, दाखवतो एक आणि धरतो दुसरं. गुणपत्रिकेच्या टक्क्यांतही हेच होतं, हे त्याला लगेच पटतं.

आलेख रेषेचा काढा. ३९ आणि ४३ च्या आडव्या रेषांसाठी दोन जादा स्तंभ करून प्रत्येक ओळीत तेच आकडे भरा. उभा अक्ष एकदा शून्यापासून आणि एकदा ३५ पासून ठेवून दोन्ही चित्रं शेजारी लावा. आकडे तेच, पण दुसऱ्या चित्रात काळजाचा ठोका चुकतो. बातमीतला आलेख बघताना आधी अक्ष बघायची सवय इथे लागते.

पाऊस आणि पातळी एकाच आलेखात कोंबू नका. पावसाचा आकडा शंभरावर जातो आणि पातळीची रेषा तळाशी चपटी होते. दोन आलेख एकाखाली एक ठेवा. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी प्रयाग चिखलीजवळ एकत्र येऊन पंचगंगा होते, आणि तो पाऊस पडतो घाटाकडे. शहरात ऊन असताना नदी का वाढते याचं उत्तर या दोन आलेखांत आहे. किती वेळाने वाढते, ते मुलांना शोधू द्या. सांगू नका.

जाता जाता एकक. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर, म्हणजे एका दरवाजातून सेकंदाला चाळीस हजार लिटरच्या वर. 'प्रतिसेकंद १४२८ क्युसेक' असं छापलेलं दिसलं तर मुलांनी पेन्सिलीने 'प्रतिसेकंद' खोडावं, कारण सेकंद क्युसेकमध्ये आधीच आहे.

कोडिंगचा आग्रह सध्या जोरात आहे. शिकवावं जरूर, पण ज्या मुलाला काल साठवलेली फाइल आज सापडत नाही त्याला आधी फोल्डर शिकवा.

मेसेज आला, आता काय?

पाणी ३९ च्या आसपास पोचलं की गावोगावच्या ग्रुपवर जुने व्हिडिओ तरंगू लागतात. २०१९ आणि २०२१ च्या पुराची दृश्यं 'आत्ताची' म्हणून फिरतात. 'राधानगरीचे दरवाजे कुणीतरी मुद्दाम उघडले' असाही मेसेज येतो. दरवाजे स्वयंचलित आहेत हे शिकलेलं मूल तिथेच हसतं. तपासणी अशी घ्यावी.

मेसेजवर दुहेरी बाण असेल तर तो पाच किंवा अधिक हातांमधून गेलेला आहे आणि एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. यावरून तो खोटा ठरत नाही, एवढंच कळतं की पाठवणाऱ्याने स्वतः काही पाहिलेलं नाही. मग मजकुरात तारीख, वेळ आणि ठिकाण तिन्ही आहेत का बघा. 'आज रात्री' असं असेल तर कुठली रात्र? फोटो असेल तर गुगल लेन्सला द्या. व्हिडिओ थेट देता येत नाही, त्यातला स्थिर क्षण थांबवून स्क्रीनशॉट काढावा लागतो; पूल, पाटी, दुकानाचं नाव दिसणारा क्षण निवडा, नुसत्या लाटांचा नको, पाणी सगळीकडे सारखंच दिसतं. काही सापडलं नाही म्हणजे व्हिडिओ ताजा, असा अर्थ काढायचा नाही. शाळेला सुट्टीचं पत्र आलं तर जावक क्रमांक, दिनांक आणि सही बघा. दिनांकाची जागा पुसट असलेलं पत्र बहुधा गेल्या वर्षीचं असतं. शेवटी नोंदवही उघडा. मेसेज म्हणतो ४५ फूट, आजचा आकडा ४० फूट २ इंच. विषय संपला.

एआय चॅटबॉटला 'आज राजाराम बंधाऱ्याची पातळी किती?' असं विचारून उत्तर पत्रकाशी ताडून बघायचा तास जरूर घ्या. उत्तर ठाम आवाजात येतं. आकडा जुळतो की नाही हे मुलांनी वहीत लिहावं, आणि उत्तरासोबत स्रोत दिला असेल तर तो उघडून त्यावरची तारीख बघावी.

घरचा फोन, घरचे पैसे

ऊस आणि दुधाचं बिल खात्यावर येतं आणि घरातला फोन बऱ्याचदा मुलाच्याच हातात असतो. म्हणून एकच वाक्य घोकून घ्या: पैसे घ्यायला पिन लागत नाही. यूपीआयचा पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत, येणार नाहीत. ओटीपी मागणाऱ्याशी बोलत बसायचं नाही, फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत ते गोठवता येतात, उशीर झाला की माग लांबत जातो. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि बँकेचं नाव जवळ ठेवा. मुलाने चूक केली असेल तर तो आधी मारच आठवतो आणि रात्रभर गप्प बसतो. पालकसभेत हे स्पष्ट बोला, कारण फोन करायचा तो एक तास या गप्प बसण्यातच वाया जातो.

शाळेनेही स्वतःच्या फोनकडे बघावं. शिष्यवृत्तीच्या निकालाचा फोटो नाव, वर्ग, गाव आणि चेहऱ्यासह टाकायची घाई असते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरतो आणि त्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची अपेक्षा ठेवतो. नाव किंवा चेहरा, दोन्हींपैकी एक पुरे.

पाणी शाळेपर्यंत आलं तर

आंबेवाडी, चिखली, शिरोळच्या पट्ट्यातल्या शाळांनी पातळी ३९ ओलांडली की त्याच दिवशी खोली आवरावी. आधी मेन स्विच बंद, मग वायरी काढून प्रत्येक कॅबिनेटवर खडूने नंबर, आणि सगळं वरच्या मजल्यावर. मजला नसेल तर बाकावर बाक चढवण्यापेक्षा गावातलं उंचावरचं घर आधीच ठरवून ठेवा. पाण्यात लाकडी बाक तरंगतात. यूपीएस सगळ्यात जड असतो आणि सगळ्यांत शेवटी आठवतो, तो आधी हलवा. नोंदवहीची फाइल दोन पेन ड्राइव्हवर घ्या आणि ते दोन वेगळ्या घरी ठेवा.

मशीन भिजलंच तर चालू होतं का हे बघण्यासाठी बटण दाबू नका, बहुतेक मशीन त्याच क्षणी जळतात. सीआर२०३२ सेल लगेच काढा, तोही गाळात करंट सोडत राहतो. रॅम आणि डिस्क वेगळी करा, बोर्ड स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत पंख्याखाली किमान आठवडाभर वाळवा. पुराचा गाळ वाळला की दगड होतो, म्हणून तो ओला असतानाच धुवायचा. यूपीएस आणि पॉवर सप्लाय मात्र स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात झटका शिल्लक असतो. एसएसडी बऱ्याचदा वाचते; ती पूर्ण वाळल्यावर दुसऱ्या मशीनला लावून आधी फाइली काढून घ्या, मग बाकीचं बघा.